नाव अ‍ॅडमिनला ठाऊक असावे, साऱ्या गावाला नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समाजमाध्यमांवर प्रत्येकाने खऱ्या नावानेच लिहावे, अशी मागणी वारंवार होते. आमच्या रावेर तालुक्यातील शेतकऱ्यांच्या एका ग्रुपवर तर तसा नियमच झाला आहे. शिवीगाळ थांबावी हा हेतू योग्यच आहे. परंतु या नियमाने तोंड कोणाचे बंद होते, याचा विचार झालेला नाही.

कापणीला आलेली केळीची बाग थांबत नाही. काही दिवस उशीर झाला तरी घड झाडावरच पिकू लागतो आणि माल दूरच्या बाजारपेठेत पाठवण्याजोगा राहत नाही. अशा स्थितीत जाहीर भावापेक्षा कमी दर मिळाला किंवा वजनात जादा घट धरली, असे नाव-गावासह लिहिणाऱ्या शेतकऱ्याची बाग पुढच्या खेपेस व्यापारी वेळेवर कापेल, याची हमी कोण देणार? मोठा बागाईतदार नावानिशी बोलू शकतो. दोन एकरवाला गप्प बसतो, आणि मग प्रत्यक्षात मिळालेला भाव कोणालाच कळत नाही. सातपुड्यातील एखाद्या आश्रमशाळेच्या वसतिगृहातील जेवणाविषयी लिहू पाहणाऱ्या विद्यार्थिनीची अडचण तर याहून मोठी आहे.

दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पटवूनच लिहिण्याची सक्ती केली होती. २०११ मध्ये तेथील सुमारे साडेतीन कोटी वापरकर्त्यांची माहिती चोरीला गेली, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये तेथील घटना न्यायालयाने ती सक्ती एकमताने रद्द ठरवली. बेकायदा मजकूर तिच्यामुळे लक्षणीय घटल्याचे न्यायालयाला आढळले नाही. आमच्याकडेही निवडणुकीच्या दिवसांत सर्वांत हीन भाषा वापरणारे पूर्ण नावाने आणि स्वतःच्या फोटोसह लिहीत होते. दुसऱ्याच्या नावाने, विशेषतः मुलींचे फोटो वापरून, खोटे खाते चालवणे ही बाब निराळी आहे. अशी तोतयेगिरी करून फसवणूक करणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या कलमाची अंमलबजावणी पोलिसांनी कठोरपणे केलीच पाहिजे.

गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहिली, आणि आजही पत्रलेखकाचे नाव-पत्ता संपादकाकडे ठेवून पत्र विनानाव छापण्याची पद्धत वृत्तपत्रांत आहे. ग्रुपनेही तीच पद्धत स्वीकारावी, अशी माझी विनंती आहे. दराविषयीची माहिती आणि तक्रारी अ‍ॅडमिनने पावती पाहून, खात्री करून घेऊन, सदस्याचे नाव न देता ग्रुपवर टाकाव्यात. आणि अ‍ॅडमिन स्वतः व्यापारी किंवा व्यापाऱ्याचा नातलग असेल, तर हे काम दुसऱ्या सदस्याकडे सोपवावे.

आपला विश्वासू,
एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव
(नाव व पत्ता संपादकांना कळवला आहे.)