अळिवाचे लाडू आणि तुझा तक्ता

ठाणे, गुरुवार

चि. मनू हिस आशीर्वाद.

रविवारी तू झोपली होतीस तेव्हा आईने तुझा ॲप्रन धुवायला घेतला. खिशात दोन पेनं, टॉर्च, वेफर्सचं अर्धं पाकीट आणि घडी घातलेला एक कागद. कागद मी वाचला, रागावू नकोस. हॉस्पिटलच्या तुझ्या वॉर्डातल्या ॲनिमियाच्या, म्हणजे रक्त कमी असलेल्या, बाईंसाठी तू केलेला आहाराचा तक्ता होता (नाव लिहिलं नव्हतंस, बरं केलंस). पालेभाजी, कडधान्यं, वरून लिंबू. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, ही ओळ लाल पेनने अधोरेखित. बाईंचं हिमोग्लोबिन 9.6. सोमवारी नाक्यावरच्या लॅबमधून तुझा रिपोर्ट आणला. तुझं 9.4!

बाईमाणसाचं 12 तरी हवं, हे मला फोनवर शिकवलंस तूच. मी म्हटलं, लोका सांगे ब्रह्मज्ञान. आई म्हणाली, आधी हॉस्टेलच्या मेसची वेळ विचारा. विचारली तर ड्युटी 7 ला, बस साडेसहाला आणि नाश्ता साडेसातला! म्हणजे पोरी चहावर वॉर्डात उभ्या, पहिला घास दुपारी दीडला. यात तुझा आळस थोडा, वेळापत्रकाचा दोष जास्त. तुम्ही पाच-सहा जणींनी सह्या करून वॉर्डन मॅडमना अर्ज द्या. सव्वासहाला उकडलेली अंडी आणि केळी मांडून ठेवायला आचाऱ्याला काय लागतं? एकटीने बोलू नकोस, एकटी बोलली की ती नखरेवाली ठरते.

तू एकटी नाहीस, हेही तूच वाचून दाखवलं होतंस. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया. परीक्षेसाठी पाठ केलंस, स्वतःला मात्र त्यात मोजलं नाहीस.

पाण्याचंही तेच. बाथरूमला जायला लागू नये म्हणून पीत नाहीस ना? तुर्भ्याच्या कारखान्यात मशीन सोडायला नको म्हणून मीही रात्रपाळीत पाणी टाळायचो. मुतखड्याने एका पहाटे जमिनीवर लोळवलं, ते तुला आठवत असेल. रात्रपाळीनंतर झोपताना खिडकीला जाड चादर लाव आणि मोबाईल दुसऱ्या कॉटवर ठेव. बावीस वर्षं तिन्ही पाळ्या केल्यात, एवढं तरी मला कळतं.

शनिवारी ट्रान्स हार्बरने नेरूळला येतोय. आईने नारळाच्या पाण्यात अळीव भिजवलेत, चोवीस लाडू होतील. तू खाली येऊ नकोस, झोप. डबा वॉचमनकडे ठेवतो. मैत्रिणींना दे, पण ड्युटीला निघताना एक तोंडात टाकूनच बस पकड.

तुझा,
बाबा

ता. क. शौचाला काळं होतं म्हणून तू लोहाच्या गोळ्या बंद केल्यास, असं आई सांगते. पेशंट घाबरले की गोळ्यांनी असं होतंच, हे त्यांना समजवायचं काम तुमचंच ना गं?