काक्को शिकवणाऱ्या सेन्सेईंना, आभारपूर्वक

आदरणीय सेन्सेई,

सादर प्रणाम.

गागाकुच्या, म्हणजे जपानी दरबारी संगीताच्या, जुन्या तालवाद्यांवरची आमची टिपणं आपण ओळ न् ओळ तपासून परत पाठवलीत, त्याबद्दल आमच्या अभ्यासगटाकडून मनापासून आभार. पत्र सर्वांसमोर लिहितो आहोत, कारण पखवाज-तबल्याकडून गागाकुकडे वळणाऱ्या कुणालाही आपले शेरे उपयोगी पडतील.

सर्वांत मोलाचा शेरा मोजमापांचा. काक्को या काठ्यांनी वाजवायच्या दुतोंडी आडव्या ढोलाची पुडी लोखंडी कड्यावर ताणलेली असते आणि ते कडं खोडाच्या तोंडापेक्षा बरंच मोठं असतं. कडं सुमारे 23 सेंमी, खोडाचं तोंड सुमारे 15 आणि खोडाची लांबी सुमारे 30. वहीत नुसतं 'पुडी 23' लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतंच जाड, खर्जातलं वाद्य उभं राहतं. प्रत्यक्षात खोडाच्या काठाच्या आतलं चामडंच मोकळेपणी थरथरतं, आणि त्यावर शाईही नसते. म्हणून तिन्ही मापं वेगळ्या रकान्यांत लिहायची. सान-नो-त्सुझुमीला, म्हणजे मध्ये बारीक असलेल्या 'तिसऱ्या त्सुझुमी' ढोलाला, चौथा रकाना हवा, तो कमरेच्या घेराचा. शिवाय या वाद्याची एकच बाजू उजव्या हातातल्या काठीने वाजते आणि डावा हात दोऱ्या धरून असतो. दोन्ही पुड्या सारख्याच झिजल्या असतील असं तिथे धरून चालता येत नाही.

नारातल्या शोसोइन भांडारातलं तिरंगी झिलईचं मातीचं खोड सुमारे 38 सेंमी लांब आहे. आठव्या शतकातलं, मध्ये बारीक, बघत राहावं असं. पण चामडं केव्हाच गेलं. चामड्याची जाडी आणि ताण ठाऊक नसताना त्याचा आवाज 'असा असेल' असं आम्ही लिहिलं होतं, ते आपण खोडलंत. खोडावरून घेर कळतो, वादन कळत नाही.

त्याच पानावरची दुसरी दुरुस्ती आम्हा भारतीयांना जरा झोंबणारी होती. नारातल्या तोदाइ-जी मंदिराच्या महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा विधी 752 साली बोधिसेन या भारतीय भिक्षूने केला, हे खरं. त्यावरून काक्को म्हणजे मृदंगाचा वंशज असं सिद्ध होत नाही. काक्कोचा माग चीनच्या तांग दरबारामार्गे मध्य आशियाकडे जातो. आपण समासात एवढंच लिहिलंत: 'माणूस आला, वाद्य आलं का?' हा प्रश्न आपल्याकडच्या कितीतरी लेखांना विचारायला हवा.

वादनाच्या शेऱ्यांपैकी काताराइ या काक्कोवरच्या वादनप्रकाराचा शेरा आम्ही नव्याने येणाऱ्यांना आधी देतो. डाव्या काठीने संथ सुरुवात करून आघात जवळ आणत न्यायचे आणि उजव्या काठीच्या एका आघाताने, म्हणजे सेइने, ओळ बंद करायची. हाताला तिहाईची सवय असली की माणूस आघात मोजू लागतो. आकडा पुरा होतो, पण सेइची जागा अजून आलेली नसते, आणि मध्ये भोक पडतं. इलाज आपण सांगितलात तोच: वाद्याला हात लावण्याआधी हिचिरिकी या सुषिरवाद्याची शोगा, म्हणजे तोंडाने म्हणायची सुरावट, पाठ करायची आणि ती म्हणत मांडीवर हात मारायचे. पढंत आपल्या वाद्याच्याच बोलांची असते. इथे मात्र तालवाद्य वाजवणारा सुषिरवाद्याची ओळ म्हणतो. त्यामुळे काताराइ कुठवर ताणायची हे ओळच सांगते.

दादाइको या जोडीने मांडल्या जाणाऱ्या भव्य ढोलांच्या छायाचित्रांबद्दल थोडक्यात. 'डावा' ढोल कोणाच्या डावीकडचा, यावर वाद घालू नये. चित्र उलटं छापलेलं असू शकतं. पुडीवर तीन तोमोए (स्वल्पविरामासारख्या गरगरत्या आकृत्या) आणि चौकटीत ड्रॅगन असेल तर तो डावा, तोगाकुचा, म्हणजे चीनकडून आलेल्या संगीताचा. दोन तोमोए आणि फिनिक्स असेल तर उजवा, कोमागाकुचा, म्हणजे कोरियाकडून आलेल्या संगीताचा.

ग्रंथांच्या बाबतीत आपण घालून दिलेला क्रम आम्ही पाळतो आहोत. कोमा नो चिकाझाने यांचा 1233 चा 'क्योकुनशो' आधी, आबे सुएहिसा यांचा 1690 चा 'गाक्कारोकु' नंतर, आणि मेइजी काळात 1876 व 1888 मध्ये ठरवलेल्या संहिता सर्वांत शेवटी. आजच्या वादनाची सवय या शेवटच्या संहितांवर उभी आहे. ती उचलून तेराव्या शतकावर लादली की गफलत होते. लयीचंही तसंच. संगीत-अभ्यासक लॉरेन्स पिकेन आणि त्यांच्या केंब्रिजमधल्या सहकाऱ्यांनी जुन्या संहितांवरून मूळ चाली पुष्कळ जलद असाव्यात असं मांडलं. ते पटो न पटो, आजची संथ लय हा जुन्या लयीचा पुरावा ठरत नाही, हे आता आमच्या टिपणांच्या पहिल्याच पानावर आहे.

पहिल्या आणि तिसऱ्या त्सुझुमीचे तक्ते सुधारून सोबत पाठवत आहोत. दुसरी आणि चौथी त्सुझुमी वादनातून गेलेली, त्यामुळे त्यांच्यासाठी फक्त चित्रं आणि खोडं उरतात. हे दोन्ही पुरावे वेगळ्या शाईत लिहिले आहेत. सवड होईल तेव्हा नजर घालावी, आणि लाल शाईत काटकसर करू नये.

आपले कृतज्ञ,
अभ्यासगटातील सर्वजण