संगणकाची मुदत कुणीच का छापत नाही?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

घरासाठी आणि छोट्या ऑफिससाठी परवडणारा डेस्कटॉप कसा निवडावा, यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख आणि त्याखालचा तक्ता वाचला. माझा धंदा संगणक दुरुस्तीचा. असं काही छापून आलं की लोक कात्रण घेऊनच माझ्याकडे येतात आणि विचारतात, 'ताई, यातला कुठला घेऊ?' म्हणून हे पत्र.

तक्त्यात प्रोसेसरची नावं होती, रॅम होती, पडद्याचे इंच होते, कॅबिनेटमधल्या रंगीत दिव्यांनासुद्धा एक रकाना होता. या यंत्राला सुरक्षा अपडेट कुठवर मिळणार, याचा रकाना मात्र नव्हता. औषधाच्या पट्टीवरची तारीख बघून आपण गोळी घेतो आणि संगणक घेताना तारीख विचारायचं सुचतही नाही. दुकानदार आपणहून सांगत नाही. वर्तमानपत्राने तरी सांगावं.

हे आत्ताच का महत्त्वाचं, ते सांगते. विंडोज १० ला मिळणारी मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापरणाऱ्यांना नाव नोंदवून आणखी वर्षभर, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षा अपडेट घेता येतात. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची अट अशी, की प्रोसेसर त्यांच्या यादीतला हवा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरमध्ये हवी. या अटीत न बसणारी सहाव्या-सातव्या जनरेशनची यंत्रं कचेऱ्यांमधून निघून सेकंडहॅण्ड बाजारात येतात. यंत्रं बऱ्याचदा चांगली असतात, मजबूत असतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती अट चुकवून त्यांवर विंडोज ११ टाकायचं आणि 'लेटेस्ट विंडोजसकट' म्हणून विकायचं, याला. चालतं ते, आज चालतं. पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि विकणाराही देत नाही.

आता 'आय७' या स्टिकरविषयी. शिकवण्या घेणारे एक गृहस्थ अलीकडे त्यांचा पीसी घेऊन आले. 'आय-सेव्हन आहे हो, तरी इतका रडतो कसा?' झाकण काढलं तर आत आय७-३७७०. हा २०१२ सालचा, तिसऱ्या जनरेशनचा प्रोसेसर. पुढच्या आकड्यातला पहिला ३ जनरेशन सांगतो, आणि ते वाचायची सवय कुणाला नसते. त्याच हिशेबाने आय३-१२१०० हा बाराव्या जनरेशनचा (आकडे पाच असले की पहिले दोन वाचायचे). कोअर दोघांतही चारच आणि थ्रेड आठच, पण नवा 'आय३' जुन्या 'आय७'ला सहज मागे टाकतो. स्टिकरवरचा ३, ५ की ७ हा फक्त त्या त्या पिढीतला मान, पिढी कुठली ते पुढचा आकडा सांगतो.

पण त्यांचा पीसी रडत होता तो प्रोसेसरमुळे नव्हेच. टास्क मॅनेजर उघडून दाखवला, तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला आणि डिस्क शंभर टक्के. आत फिरती हार्डडिस्क होती. तिच्या तबकड्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात, तरी हवा तो तुकडा डोक्याखाली यायला सरासरी दहाएक मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फायली मागतं आणि दरवेळी ही बिचारी तेवढा वेळ घेते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आतबाहेर होतं. साटावाली, म्हणजे हार्डडिस्कच्याच जोडावर लागणारी, साधी एसएसडी बसवली, जुनी डिस्क आत दुसरी म्हणून ठेवली, आणि चालू करून दिला. गृहस्थ पडद्याकडे बघत म्हणाले, 'झालं? एवढ्यात?' ज्यांना 'संगणक स्लो झालाय, नवा घ्यावा म्हणतो' असं वाटतंय, त्यांनी आधी आपल्या यंत्रात हार्डडिस्क आहे की एसएसडी, एवढं बघावं. (एनव्हीएमई या नव्या जोडाची एसएसडी साटापेक्षा कागदावर कितीतरी पट वेगवान असते. पत्रं, हिशेब आणि ब्राउझर वापरणाऱ्याला तो फरक फारसा जाणवत नाही. हार्डडिस्क ते एसएसडी हा फरक मात्र कुणालाही जाणवतो.)

एसएसडी टाकली म्हणून तिसऱ्या जनरेशनची मुदत काही वाढत नाही. त्यांचं काम काय, तर ब्राउझर, प्रश्नपत्रिका, ऑनलाइन तास. त्यांना मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली, लिबरऑफिस या पत्रं-तक्त्यांच्या मोफत सॉफ्टवेअरसकट. मिंटची २२ ही आवृत्ती उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पैसा लागत नाही, परवाना लागत नाही. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, काहीही पुसावं लागत नाही. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का आणि मुख्य म्हणजे प्रिंटर बोलतोय का, हे तेव्हाच तपासून घ्यायचं. घोडं बहुतेक वेळा प्रिंटरपाशीच अडतं, विशेषतः ज्याला कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो अशा स्वस्तातल्या लेझर प्रिंटरपाशी.

म्हणून माझा क्रम उलटा असतो. गिऱ्हाईक प्रोसेसरपासून सुरुवात करतं, मी सॉफ्टवेअरपासून. हिशेबाचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर प्रश्न मिटला, विंडोज घ्यायचं आणि त्याच्या यादीतलं यंत्र घ्यायचं. वर्षानुवर्षं जपलेल्या एक्सेलच्या फायलींत मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या लिहून ठेवलेल्या आज्ञा) असतील, तर लिबरऑफिसमध्ये ते जसेच्या तसे चालतील या भरवशावर राहू नये. साधी पत्रं आणि तक्ते उघडतात, पण वर्डमध्ये आखलेली गुंतागुंतीची कोष्टकं कधीकधी सरकतात. दुसऱ्याला पाठवायची फाइल पीडीएफ करून पाठवली की ती कटकट उरत नाही. मराठीत टंकणाऱ्यांनी एक गोष्ट जास्तीची बघावी. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमधल्या फायली असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही संगणकावर त्यांतली अक्षरं अगम्य दिसतात, मग विंडोज असो की लिनक्स. आधी त्या युनिकोडमध्ये आणून घ्या, मग संगणक बदला. इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे असतो, बोटांची सवय मोडावी लागत नाही.

क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबद्दल नीतीचं व्याख्यान देत नाही. फक्त ते बसवताना पहिली सूचना काय येते ते आठवून बघा : 'अँटिव्हायरस बंद करा'. ज्याच्या हाती तुम्ही बँकेचे पासवर्ड टाकता त्या यंत्राचं दार कुणा अनोळखी माणसासाठी आपल्या हाताने उघडायचं? अगदी स्वस्तात मिळणाऱ्या विंडोजच्या 'की'चंही तसंच. त्यातल्या पुष्कळशा मोठ्या संस्थांसाठी दिलेल्या असतात, आज लागतात आणि पुढे कधीतरी बंद पडतात. यंत्राबरोबर येणारा ओईएम परवाना त्या मदरबोर्डशी बांधलेला असतो. बोर्ड गेला की तोही सहसा गेला. वेगळा घेतलेला रिटेल परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. बिलावर यातलं काय आहे, ते विचारून लिहून घ्यावं.

असेंबल करून घेणाऱ्यांनी दोन गोष्टींकडे डोळे उघडे ठेवून बघावं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यात ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त पडतो म्हणून कोटेशनमध्ये घुसवला जातो, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच येत नाही. मग कार्ड घ्या म्हणून सांगतात. दुसरी गोष्ट एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा. कोटेशनमध्ये प्रोसेसरचं नाव पूर्ण असतं, रॅमची कंपनी असते आणि एसएमपीएससमोर नुसतं 'कॅबिनेटसोबत' असं लिहिलेलं असतं. बोर्ड, डिस्क, सगळ्यांना वीज त्यातूनच जाते. माझ्याकडे जळालेले बोर्ड येतात, त्यांच्या मागे कितीदा तरी हाच फुकटात मिळालेला डबा असतो.

ब्रँडेड, कचेरीतून निघालेल्या यंत्रांत एसएमपीएस चांगला असतो, पण तिथे वेगळी गोम आहे. बारीक कॅबिनेटवाल्या मॉडेलांत तो बऱ्याचदा कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो, बोर्डाकडे जाणारा जोडसुद्धा वेगळा. बिघडला तर बाजारातला साधा बसत नाही, त्याच मॉडेलचा शोधत बसावं लागतं. तेव्हा दोन यंत्रं सारखीच वाटत असतील तर उभं, मोठं कॅबिनेट घ्या. टेबलावर जागा जास्त खातं, पण त्यात पुढे काही घालता-काढता येतं. तळहाताएवढे मिनी पीसी मलाही आवडतात, वीज कमी खातात. घ्यायच्या आधी त्यांच्यातली रॅम सुटी आहे की बोर्डावर डकवलेली, हे मात्र विचारा.

रॅमचं थोडक्यात. आठ जीबी हा आज किमान, ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब उघडे ठेवणाऱ्याला सोळा. डीडीआर३, ४ आणि ५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, त्यामुळे जुनी रॅम नव्या बोर्डात वापरू, हा हिशेब करू नका.

यूपीएसवर मात्र चार ओळी जास्त लिहिते, कारण लोक तिथेच हात आखडतात. लॅपटॉपला बॅटरी असते, डेस्कटॉपला नसते. फाइल लिहिता लिहिता वीज गेली तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा बिघडू शकतो, आणि तो नीट करणं हे नवी रॅम टाकण्याइतकं सोपं नसतं. साध्या पीसीला आणि मॉनिटरला ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. त्यावर लेझर प्रिंटर लावू नका. कागदावर शाई पक्की करणारा रूळ तापताना तो एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद पडतं. दोन-तीन वर्षांनी यूपीएस दम टाकू लागला तर बहुधा आतली बॅटरीच गेलेली असते. ती बदला, सबंध यूपीएस फेकू नका.

आता आपल्याकडे मागणं. पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा रंगीत दिव्यांचा रकाना काढून त्याजागी एवढं द्या : प्रोसेसरचं पूर्ण नाव आकड्यांसकट, एसएसडी की हार्डडिस्क, रॅमचे स्लॉट किती आणि मोकळे किती, एसएमपीएस सर्वसाधारण मापाचा आहे का, आणि ऑपरेटिंग सिस्टिमला सुरक्षा अपडेट कुठल्या वर्षापर्यंत. जागा कमी पडत असेल तर शेवटचा रकाना ठेवा आणि बाकीचे गाळा. त्याचं उत्तर जो विक्रेता देणार नाही, त्याच्या नावापुढे रकाना कोराच छापा. लोक काय ते समजतील.

आपली,
संगणक दुरुस्त करणारी एक वाचक

ता. क. : नवा घेताना जुना विकणार असाल, तर फायली डिलीट करून आणि रिसायकल बिन रिकामा करून भागत नाही, त्या परत काढता येतात. विंडोजच्या 'रीसेट' पर्यायात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडल्यावर पुढे 'क्लीन डेटा'ची खूण असते, ती करा. त्याला वेळ लागतो, रात्री लावून झोपा. विकायला आलेल्या यंत्रांत आधीच्या मालकाची बँक पासबुकं आणि घरचे फोटो मला आजही सापडतात.