उन्हाळी शिबिर : उद्या निघण्याआधी एवढं वाचा

पालकहो, मुलांचं शिबिर उद्यापासून. बस सकाळी साडेसहाला सुटेल. पूर्ण बाह्यांचे जुने सुती कपडे, टोपी, बंद बूट आणि पाण्याची बाटली हवीच.

रंगपेटी देऊ नका. वारली चित्रं गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठीत बुडवलेल्या बांबूच्या काडीने काढायची आहेत. तीच खरी गंमत आहे, ती मुलांना मिळू द्या.

गोठ्यात शेळ्या, करडं आणि एक गाभण म्हैस आहे. तिच्या मागून जायचं नाही, हे घरीच बजावा. जनावरांना हात लावल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं.

बहावा फुललाय, करवंदंही पिकलीत. पाखरांपुरती जाळीवर ठेवूनच तोडू.

मधमाशीची किंवा खाण्यातली कसलीही अॅलर्जी असल्यास आज रात्रीच कळवा.