आडवी रेघ गेली, भीमपलास गेला

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ‘नोटेशनची पुस्तकं आता हवीत कशाला?’ हा लेख वाचला. लेखकमहाशयांच्या टॅबमध्ये अख्खं कपाट मावलं आणि रिकाम्या कपाटात त्यांनी कुंड्या ठेवल्या, याबद्दल त्यांचं अभिनंदन. फक्त मजकूर पं. विष्णु नारायण भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांवर, म्हणजे सा-रे-ग-म अक्षरांत बंदिशी लिहिलेल्या मालिकेवर, आणि शेजारचं चित्र पाच रेघांच्या पाश्चात्त्य नोटेशनचं, हे कोडं काही सुटलं नाही. गाण्याच्या प्रवेशिका परीक्षेला बसणाऱ्या एखाद्या पोराला दाखवलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं.

भातखंडे १९३६ साली गेले. त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क कधीच संपला, सहाही भाग नेटवर फुकट मिळतात, हे मान्य. पण मिळतात ते कसे? कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्राला, म्हणजे खालच्या सप्तकाला, खाली टिंब, ताराला, म्हणजे वरच्या सप्तकाला, वर टिंब. सगळा डोलारा एवढ्याशा खुणांवर उभा आहे. मोबाईलवर कुणी बंदिश टाईप करतं, पुढे पाठवतं, आणि रेघा वाटेतच गळतात. माझी एक विद्यार्थिनी भीमपलासची बंदिश अशीच छापून घेऊन आली. या रागात गंधार-निषाद, म्हणजे ग आणि नी, कोमल; पण त्यांच्याखाली रेघेचा पत्ता नाही. पोरीनं आठवडाभर शुद्ध ग-नी लावून चक्क सगळ्या शुद्ध स्वरांचा बिलावल थाट घोटला होता. वर मलाच म्हणते, “मॅडम, ग्रुपवर असंच आहे.” स्कॅनमध्ये तर याच्या उलट, कागदावरचा धुळीचा कण षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या, डोक्यावर बसला की तो तार सप्तकात!

आता खरं दुखणं सांगते. आमचे बुवा गेल्यावर त्यांची नोटेशनची पुस्तकं आम्ही शिष्यांनी एका संस्थेला दिली. नाव लिहीत नाही, वाचणाऱ्यांना कळेल. पानापानावर बुवांची पेन्सिल होती. छापील स्वर खोडून वर स्वतःच्या तालमीतला लिहिलेला, कुठे बारीक अक्षरात कणस्वर, म्हणजे मुख्य स्वराला ओझरता लागणारा स्वर, एका अंतऱ्याशेजारी ‘धैवतावर रेंगाळू नये’ अशी तंबी. मध्यंतरी गौडमल्हाराची एक बंदिश पाहायला गेले, तर तिथले गृहस्थ म्हणाले, “ते सगळं स्कॅन करून रद्दीत दिलं. पीडीएफ पाठवू का?”

पाठवली. मोबाईलवर काढलेले फोटो. एका पानावर कुणाचा तरी अंगठा. शिवणीकडची बाजू आत दुमडलेली, त्यामुळे तीनतालाच्या सोळा मात्रांपैकी कुठे पंधरा दिसतात, कुठे चौदा. आणि पान स्वच्छ दिसावं म्हणून ॲपनं कागद पांढराशुभ्र केलेला. त्या पांढऱ्यात पेन्सिल सफाचट. छापील बंदिश कुठेही मिळेल हो, बुवांची खाडाखोड कुठे मिळणार? ज्या काळात उस्ताद मंडळी चिजा हातच्या राखून ठेवत, तेव्हा भातखंड्यांनी दारोदार हिंडून, मिनतवाऱ्या करून त्या गोळा केल्या. आम्ही त्या किलोच्या भावानं घालवतो.

टॅबशी माझं वैर नाही. साठी उलटल्यावर बारीक टाईप वाचणं नको होतं, तिथे बोटांनी अक्षर मोठं करता येतं याचं सुखच आहे. माझं म्हणणं इतकंच, की ज्या पुस्तकावर कुणा गाणाऱ्याचा हात फिरलाय ते स्कॅन झालं तरी ठेवा. कोरी प्रत खुशाल द्या रद्दीला. आणि द्यायच्या आधी निदान मात्रा मोजा.

जाता जाता एक. आपल्या अंकातलं ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर बंद करून तिथे आता काळा चौकोन छापता आणि मोबाईलनं स्कॅन करा म्हणता. परवा तो केला तर गेल्या महिन्यातली मैफल निघाली. चार ओळींना जागा नाही आणि कुंड्यांच्या लेखाला अर्धं पान आहे, हे कसं, ते कळवावं.

आपली,
एक निवृत्त संगीतशिक्षिका, सांगली