वेळ अमावस्येच्या पंगतीबद्दल मावशींना खुले पत्र

आदरणीय मावशी,
सादर नमस्कार.

३० डिसेंबर २०२४ रोजी, सोमवारी आलेल्या वेळ अमावस्येला, म्हणजे शेतात जाऊन पूजा करून सर्वांनी तिथेच एकत्र जेवण्याच्या सणाला, आपण आमच्या लातूरमधील वसाहतीतील चाळीस कुटुंबांना आपल्या शेतात सामावून घेतलेत, त्याबद्दल सर्वांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. शाल-श्रीफळ देऊन आपला सत्कार करावा, असे आम्ही ठरवले होते, परंतु "जेवू घातल्याचा सत्कार कसला करता?" असे म्हणून आपण तो विषयच मिटवलात. म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहोत. या एका बाबतीत आपले ऐकले नाही, याची क्षमा असावी.

या दिवशी जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते आणि दुपारपर्यंत लातूरचे रस्ते ओस पडतात, हे येथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. मात्र ज्यांचे शेत नाही, किंवा जे बदलीच्या नोकरीमुळे दुसऱ्या जिल्ह्यातून आले आहेत, त्यांनी त्या दिवशी कोठे जावे, हा प्रश्न आमच्या वसाहतीत दरवर्षी निघत असे. यंदा आम्ही एकत्र वेळ अमावस्या करण्याचे ठरवले, आणि खरे सांगायचे तर आचाऱ्याला आगाऊ रक्कमही देऊन बसलो. ती परत घ्यायला लावणाऱ्या आपणच.

भज्जी म्हणजे बेसनाची पातळ भाजी, एवढीच आमच्यापैकी अनेकांची समजूत होती. आदल्या दिवशी आपण आम्हाला बांधाबांधाने फिरवून ओल्या तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, वाटाणा, मेथी, चुका, चाकवत आणि कांद्याची पात गोळा करायला लावलीत. नंतर अंगणात बसून रात्री दहापर्यंत शेंगा सोलून घेतल्यात, तेव्हा एका पातेल्यात किती प्रकारचे शेत शिजते हे आम्हाला कळले. तुरीच्या शेंगांनी काळी पडलेली बोटे सणाच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयात आम्ही काहीशा अभिमानानेच मिरवली. आंबिलाच्या बाबतीत मात्र आमची पुरती फजिती झाली. ज्वारीचे पीठ ताकात भिजवून ठेवलेले आमचे भांडे नको तितके आंबले होते. आपण त्याचा वास घेतलात, काही न बोलता ते बाजूला ठेवलेत आणि आपल्या घरचे बिंदगे, म्हणजे आंबिलाचे मडके, पुढे केलेत. त्यावर चुन्याचे आणि कावेचे (गेरूचे) पट्टे ओढण्याचे काम मुलांवर सोपवलेत, ही त्या दिवसातली सर्वांत शहाणपणाची वाटणी होती. वाऱ्यापुढे आमच्या गॅसच्या शेगड्या टिकेनात, तेव्हा तीन दगडांची चूल मांडून तुराट्यांवर पिठाचे उंडे शिजवून देणाऱ्याही आपणच.

कोपीतल्या, म्हणजे कडब्याच्या खोपटातल्या, पाच पांडवांची पूजा झाल्यावर घोष करत पिकात आंबील शिंपडत फिरताना आमच्यातील निवृत्त मंडळींनाही आवाज आवरेनासा झाला. सायंकाळी कडब्याची पेंढी पेटवून शेताला फेरी घालणाऱ्या आपल्या नातवामागे आमची सगळी मुले धावली.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. सोयाबीन वाढले, ज्वारी कमी झाली, त्यामुळे यंदा कोपीसाठी आपल्याला शेजारच्या गावातून कडबा विकत आणावा लागला. हे आम्हाला नंतर, तेही दुसऱ्याकडून समजले. आपण त्याविषयी चकार शब्द काढला नाहीत. त्या कडब्याचे पैसे आपण घेणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे निराळी विनंती करतो. पुढील वर्षी कोपीसाठी लागणाऱ्या पेंढ्या आमच्याकडून असाव्यात आणि कोप बांधायलाही आम्हीच दोन दिवस आधी यावे, अशी परवानगी द्यावी.

आपली दोन पातेली आणि घोंगडी येत्या रविवारी पोहोचवतो. बिंदगे मात्र मुलांनी अजून सोडलेले नाही.

आपले नम्र,
वसाहतीतील सर्व कुटुंबे, लातूर