दार लावण्यापूर्वी विचारणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

उपचार संपले त्या दिवशी आपले आभार मानायचे राहून गेले, कारण बोलू लागले असते तर रडूच कोसळले असते. आज हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे; अपघातातून, हिंसाचारातून किंवा आपत्तीतून वाचलेल्या आणि तरीही त्याच क्षणात पुन्हा पुन्हा ओढल्या जाणाऱ्या कुणापर्यंत ते पोहोचावे, एवढीच इच्छा आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी जे भेटले, त्यांच्याविषयीचा राग अजून गेलेला नाही. गाडीच्या अपघातानंतर लगेचच आम्हा वाचलेल्यांना एकत्र बसवून, जे घडले ते तपशीलवार सांगायला लावले गेले. असे एकदाच घडवून आणलेले कथन आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे भयंकर प्रसंग पुन्हा पुन्हा अनुभवायला लावणारा मनाचा आजार, टाळू शकत नाही, उलट काहींचा त्रास वाढवू शकते, हे मला पुढे आपल्याकडून कळले. दुसऱ्या एका दवाखान्यात मान वर न करता चिंता शमवणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या आणि त्याच चालू राहिल्या. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यातील तणावाच्या लक्षणांसाठी बेंझोडायझेपिन गटातील, म्हणजे अशाच चिंता शमवणाऱ्या, गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालीच सांगितले होते. आघातोत्तर तणाव विकाराला मानसिक आजारांच्या अधिकृत अमेरिकी वर्गीकरणात १९८० साली स्थान मिळाले, तरीही मला ऐकावे लागले ते ‘मन खंबीर करा’ एवढेच.

आपल्या खोलीत मी प्रथम आले, तेव्हा आपण दाराच्या कडीवर हात ठेवून थांबलात आणि विचारलेत, “दार लावू का, की उघडंच राहू दे? आणि तुम्हाला कोणत्या खुर्चीवर बरं वाटेल?” चेपलेल्या गाडीत अडकून पडल्यापासून बंद दारामागे माझा श्वास कोंडत असे, आणि हे मी कुणालाही सांगितलेले नव्हते. मी दार दिसेल अशी खुर्ची निवडली. आपण काही न विचारता आपली खुर्ची बाजूला सरकवलीत. ज्या घटनेत माझ्या हातात काहीच उरले नव्हते, तिच्यानंतर पहिल्यांदाच कुणीतरी निर्णय माझ्याकडे सोपवला होता. नंतरचे सारे अवघड उपचार मला झेपले ते या दोन प्रश्नांच्या बळावर, असे मी आजही मानते.

कारण उपचार सोपे नव्हते. डोळे मिटून, वर्तमानकाळात, तो प्रसंग पुन्हा सांगायचा, त्याचे ध्वनिमुद्रण घरी ऐकायचे, आणि टाळत आलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने जायचे. आधी उभ्या गाडीत नुसते बसायचे, मग कुणीतरी चालवत असताना. टाळल्याने भीती तेवढ्यापुरती ओसरते, पण धोका आता संपला आहे हे शिकण्याची संधी मनाला मिळत नाही, हे आपण इतक्या सोप्या शब्दांत सांगितलेत की मी निमूटपणे कामाला लागले. पूर्वीही सांगायला लावले गेले होतेच. पण आपण आधी कारण समजावलेत, माझी तयारी विचारलीत आणि अर्ध्यात थांबण्याची मुभा दिलीत.

आणखी एक ऋण माझ्या भावाच्या वतीने मानायचे आहे. आघातानंतर जवळच्यांचा आधार मिळाला, तर हा विकार जडण्याचा धोका कमी होतो, आणि बहुतेक माणसे कालांतराने सावरतात, हे आपण त्याला सांगितलेत. खोदून विचारू नकोस, ती बोलली तर मध्ये तोडू नकोस, आणि महिना उलटूनही दुःस्वप्ने, दचकणे व टाळणे चालूच राहिले तर वाट पाहत बसू नये, हेही त्याला नीट लिहून दिलेत. त्याच्या एका मित्रावर पुढे असाच प्रसंग ओढवला, तेव्हा भाऊ तोच कागद घेऊन त्याच्याकडे गेला. तो मित्र वेळेवर उपचारांपर्यंत पोहोचला, आणि आता बरा आहे.

आपली ऋणी,
एक रुग्ण